वॉर्डाच्या दाराबाहेरचे बाप

९ डिसेंबर, सोमवार. धुळे, होस्टेल
प्रबंधाचा विषय परत आला. माझ्या मार्गदर्शक महाजन मॅडमनी फाडला नाही, रागावल्या नाहीत. कागदाची घडी घालून हातात दिला. ते जास्त लागलं.

माझा विषय: कमी वजनाच्या बाळांच्या कांगारू पद्धतीविषयी मातांचे ज्ञान व त्यावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. अर्ध्या वर्गाचा साचा हाच. कुणी मधुमेह घातला, कुणी हात धुणं, बाकी वाक्य तेच.

मॅडम: "आयांना शिकवलं की त्यांचे मार्क वाढतील?"
मी: "वाढतीलच."
"मग विचारतेस कशाला?"

म्हणाल्या, "वैशाली, तुला जे माहीत नाही ते घेऊन ये."

जळगावला इतकी वर्षं नवजात कक्षात नोकरी केली. तान्हं बाळ आईच्या उघड्या छातीवर कसं ठेवायचं, फडक्याने कसं बांधायचं, हे झोपेत सांगेन. आणि आता माहीत नसलेलं शोधा. एम.एस्सी.पुरतीच रजा मिळालीय. जानेवारीत समितीने आराखडा मान्य केला नाही तर वर्ष लांबणार, आणि दुसऱ्यांदा रजा कोण देतंय. मॅडमना हे सगळं ठाऊक आहे. तरी घडी.

११ डिसेंबर
ग्रंथालय. जुने प्रबंध चाळले. सगळ्यांच्या परिकल्पना, म्हणजे आधी बांधलेले अंदाज, खऱ्या निघाल्यात. एकही पडलेली नाही. प्रमोदला फोनवर सांगितलं. नवरा पाइपच्या कंपनीत, त्याला हसू आलं. "आमच्याकडे टेस्टिंगला लावले की काही पाइप फुटतातच. तुमचा एकही फुटत नाही?"

मॅडमना सांगितलं नाही. त्या याच्या बाजूने झाल्या असत्या.

१३ डिसेंबर
मॅडमचा हुकूम: पुस्तकं ठेव, वॉर्डात जा आणि बस. काम करायचं नाही. नर्सला वॉर्डात नुसतं बसवणं म्हणजे शिक्षाच. सलाईन संपत आलं की हात आपोआप उठतो.

बसले. आया बाळं छातीला बांधतात, छान बांधतात. मग जेवण येतं, बाळ काढून गादीवर. बाथरूमला जायचं, बाळ काढून गादीवर. टाके दुखतात, पाठ भरून येते, बाळ गादीवर. द्यायचं कुणाकडे? दारावर पाटी: पुरुषांना प्रवेश नाही. दाराच्या काचेपलीकडे बापांची रांग, हातात डबे.

ही पाटी मी आल्यापासून तिथेच आहे. आज वाचली.

मॅडम राउंडला आल्या. त्यांचं एक बघत राहावं असं. बाळाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करतात. रोज, प्रत्येक बाळाला. निवृत्ती जवळ आलीय, गुडघे कुरकुरतात, तरी आईशी बोलायचं म्हणजे कॉटशेजारी खाली बसणार. शिरपूरकडच्या आहेत, बायांशी अहिराणीतच. "काय माय, झोप लागनी का रातले?" ती बाई रडायलाच लागली. मला ती सकाळपासून "ठीक शे" म्हणत होती.

१८ डिसेंबर
आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

नरडाण्याकडची एक बाई. नाव लिहीत नाही, मॅडमची सक्त ताकीद आहे. सिझर झालेलं, काल ताप चढला म्हणून तिला वरच्या मजल्यावर हलवलं. मुलगी खाली वॉर्मरमध्ये. वजन कमी, तशी बरी, पण रडणं थांबेना. सिस्टरने थोपटलं, मी थोपटलं. शेवटी रडून रडून आवाज बसला.

बाप दारात उभा. कारखान्याच्या निळ्या शर्टात, नरडाण्याच्या एमआयडीसीतून सरळ आलेला. काच ठोठावली. सिस्टर ओरडणार एवढ्यात म्हणाला, "मी लेऊ का तिले? मनी पोर शे."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मी राउंडला आलेल्या मॅडमकडे.

मॅडम क्षणभर पाटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "शर्ट काढा भाऊ. साबणाने हात धुवा, छाती धुवा." सगळ्या आयांना विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नव्हती, एक आजीबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून हसल्या. कोपऱ्यात पडदा ओढला, खुर्ची ठेवली. मॅडमनी स्वतः मुलगी त्याच्या छातीवर ठेवली, फडक्याने बांधली.

इतका ताठ बसला होता. मॅडम म्हणाल्या, "श्वास घ्या हो भाऊ. तिलाही लागतो."

घेतला. मुलगी त्या श्वासाबरोबर वर-खाली झाली आणि गप्प. मी तिचे पाय चाचपले, थोड्या वेळाने पुन्हा चाचपले. ऊब आलेली.

पडदा थोडा सरकला तेव्हा काचेपलीकडचे पुरुष हसत होते. भाऊ म्हणाला, "हसतस तर हसू द्या." तिच्यावरची नजर काढली नाही. चहाला उठला नाही. मघाच्या हसणाऱ्या आजीबाईंनीच कपात बिस्किट बुडवून त्याच्या तोंडात घातलं. लेकराला भरवतात तसं.

१९ डिसेंबर
सकाळीच मॅडमच्या केबिनमध्ये. बसायच्या आधी बोलले: आपण फक्त आईला शिकवतो. घरी गेल्यावर ती एकटी पडते म्हणून कांगारू बंद होतो का? बापालाही वॉर्डातच शिकवलं तर घरी जास्त दिवस चालेल का?

मॅडमनी चष्मा काढला. "उत्तर माहीत आहे तुला?"
"नाही."
"खरंच?"
"खरंच नाही, मॅडम."
"मग बस."

इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

२२ डिसेंबर, रविवार. जळगाव
पारोळा, एरंडोल, घर. भरीत केलं, पोरगा तीन भाकरी खाऊन मोकळा झाला. प्रमोदला नरडाण्याच्या भावाची गोष्ट सांगितली. त्याने ताटं उचलून ठेवली. मग, "आपल्या वेळी मी बाहेर डबा घेऊन उभा होतो. कुणी विचारलं असतं तर घेतलं असतं मी."

आपला पोरगाही कमी वजनाचाच होता. मी आत, हा बाहेर. त्याला घ्यायचं होतं हे मला आज कळतंय.

२६ डिसेंबर
उद्दिष्टं. मी लिहिलं: वडिलांचा सहभाग जाणून घेणे, समजून घेणे, महत्त्व पटवणे. मॅडमनी तिन्हींवर काट. "समजलं हे कशावरून समजणार? मोजता येईल असं क्रियापद आण. आणि पटवायचं असेल तर भाषण कर, संशोधन नको."

नवीन: दोन्ही गटांत (एकात फक्त आईला शिकवायचं, दुसऱ्यात बापालाही) घरी रोज किती वेळ कांगारू दिला ते मोजणे. दोन्ही गटांची तुलना करणे. बाळाच्या वजनवाढीशी त्याचा संबंध आहे का ते तपासणे. कोरडं वाटतं. पण आता प्रत्येक ओळीवरून उद्या सकाळी काय करायचं ते कळतं.

परिकल्पना लिहिली ती वाचून मॅडम पोट धरून हसल्या. मी लिहिलं होतं, बाप बाळाला आईइतक्याच मायेने सांभाळतात. "ही परिकल्पना नाही, आरती आहे."

मग गंभीर झाल्या. दोन गटांत फरक नाही, असं धरून चाल. फरक दिसलाच तर तो योगायोग नाही हे दाखव. मी म्हटलं, जे मला खरं वाटतं त्याच्या उलट धरून चालायचं? आपल्या डोळ्यांनी बघितलं मॅडम, तुम्हीही बघितलं.

"बघितलं. मलाही तो भाऊ आवडला. म्हणूनच भीती वाटते. आपल्याला आवडलेल्या गोष्टीची तपासणी दुप्पट कडक करायची."

होस्टेलवर येऊन चिडले होते. आता नाही.

२ जानेवारी
उद्दिष्टांतलं 'घर' म्हणजे काय, यावर दुपार गेली. मी म्हटलं घर म्हणजे घर. मग आठवलं, माझ्या माहेरी रावेरला प्रत्येक लेक पहिल्या बाळंतपणाला येते. नवरा तिकडे सासरी, बाळ इकडे. मग वॉर्डात शिकवलेला बाप कुठे, बाळ कुठे!

वाटलं, गेला प्रश्न. मॅडमना सांगायला पाय उचलेना. सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं हे किती छान सापडलं! हे पुस्तकात नाही. वगळू नकोस, नोंदीत घे. माहेरी गेलेल्यांचं वेगळं बघ."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अडचण नको, विषय बदल. अडचण आली की ह्यांचा चेहरा उजळतो. अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
समिती. साडी इस्त्रीची.

पहिला प्रश्न बरा गेला. ज्या गटात फक्त आईला शिकवणार, तिथल्या बापांवर अन्याय नाही का? सांगितलं: सध्या वॉर्डात तेच चालतं, आणि अभ्यास संपला की त्यांनाही बोलावून शिकवणार. मान हलली.

मग एक ज्येष्ठ डॉक्टर. आवाज चढला नाही, पण मत आधीच ठरलेलं. "बायांच्या वॉर्डात पुरुष आणायचे? शिस्त राहील? ताई, मातांचं ज्ञान असा साधा विषय घ्या. आजच मंजूर करतो."

आजच मंजूर. वर्ष वाचलं असतं. रजा, प्रमोद, पोरगा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दाम. मला सोडवणार नव्हत्या.

म्हटलं, "सर, त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. ह्याचं नाही." पुढे सांगितलं: पडदे, ठरावीक वेळ, प्रत्येक आईची आधी संमती. एकीने जरी नको म्हटलं तरी त्या वेळी बाप आत येणार नाही.

सर म्हणाले, "दारावरची पाटी काही उगाच नाही लावली कुणी."

तेव्हा मॅडम वळल्या. "मीच लावली सर. तेव्हा पडदे नव्हते, एका कॉटवर दोन बाया असायच्या. कारण होतं. आता ते कारण उरलं का, हे मला निवृत्त व्हायच्या आधी कळलं तर बरं. फरक नाही असं निघालं तर पाटी राहील."

स्वतःच्या हाताने लावलेली पाटी स्वतःच तपासायला ठेवायची, तीही सगळ्यांसमोर.

मंजूर. सरांनी सही करताना म्हटलं, "पडदे नीट बसवा." त्यांचाही राग नाही आला मग.

बाहेर आल्यावर मॅडमना विचारलं, आधी का नाही बोललात? "प्रश्न तुझा होता ना."

१० मार्च
सुरू झालं. बाप लाजतात, घामाघूम होतात. एकाने विचारलं, छातीवर केस आहेत, चालेल का. एका आईने नको म्हटलं, त्या दुपारी कुणालाच आत घेतलं नाही. तेही लिहिलं.

मॅडमना रोज सांगावंसं वाटतं, आज काय गोड झालं. त्या ऐकतात, हसतात, आणि विचारतात, "आणि ज्या बापाला जमलं नाही, तो?"

६ एप्रिल, रविवार
घरभेटींचा पहिला दिवस. धुळे तालुक्यातली दोन घरं.

पहिलं घर, बापाला शिकवलेलं. वॉर्डात हा किती तयारीने बसायचा. घरी नाही. ट्रक चालवतो, केळी भरून दिल्लीला गेलाय. आई एकटी, तरी बाळ छातीला बांधून भाकऱ्या थापत होती. चुलीपासून लांब बस म्हणून सांगितलं, तेवढी जागा बदलली. नोंद केली.

दुसरं घर, फक्त आईला शिकवलेलं. दार ढकललं तर समोर बाजेवर बाप, उघडा, बायकोच्या जुन्या साडीच्या पट्टीने बाळ छातीवर बांधलेलं. पट्टीची गाठ बरोबर, बाळाची मान बरोबर, नाक मोकळं. बायको आत झोपलेली. मी विचारलं, कुणी शिकवलं? तर आतल्या खोलीकडे बोट. तिने घरी येऊन त्याला शिकवलं होतं.

उन्हात उभी राहून मॅडमना फोन केला. म्हटलं, सगळं उलट दिसतंय. आपण शिकवलं तिथे बाप नाही, शिकवलं नाही तिथे बाप आहे. बायाच शिकवत असतील तर आपल्या शिकवण्याने फरक तो काय पडणार? मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

"काय लिहिलंस?"
"दिसलं ते."
"शब्द न शब्द?"
"हो."
"मग दोन घरांवरून रडू नकोस, तशी एका भावावरून नाचूही नकोस. अजून बरीच घरं आहेत." आणि मग हळूच, "साडीची पट्टी म्हणालीस ना? कशी बांधली होती गं?"

त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांनंतरही.

परत आत गेले. तो बाप माझ्याकडे बघत होता. मी बाहेर जाऊन फोनवर बोलले, त्याने काय अर्थ काढला कोण जाणे. बाळाच्या पाठीवरचा हात न हलवता विचारलं, "आम्हनं काही चुकनं का, ताई?"

म्हटलं, नाही भाऊ. काहीच चुकलं नाही.

बाळाचं वजन घ्यायचं होतं. उठवावंसं वाटेना. ते जागं होईपर्यंत बाजेच्या कडेला बसून राहिले.