अंगावरचं माप

९ एप्रिल
ब्लाउज घालवत नाही. डाव्या बाजूला आता काही उरलेलंच नाही, नुसता व्रण — त्याच्यावर शिवण घासते. त्यात आष्टीचं ऊन! घरात सैल, सुती काहीतरी घाला, असं नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. लेकीनं, संस्कृतीनं, पुण्याहून पांढरा सुती दोरा पाठवला. विणण्यात वेळ जाईल म्हणे आई तुझा. वेळ तसाही जातोच आहे.

१० एप्रिल
टाके घातले. बिनबाह्यांचा, पातळ, जाळीचा टॉप. सुलट, उलट, सुलट.

१४ एप्रिल
हे संध्याकाळी शेजारी येऊन बसतात आणि मोबाईल बघतात. माझ्याकडे नाही. मुद्दाम बघत नाहीत की बघवत नाही, विचारलं नाही. राग यायला हवा खरं तर. येत नाही.

सासूबाई मात्र येता-जाता सुईवरचं बघतात. काल म्हणाल्या, "ही काय गड्यावानी बंडी?" त्यांनी जन्मात दंड उघडा टाकला नाही, आंघोळसुद्धा लुगडं गुंडाळून. फेब्रुवारीत मी गाठीच्या ऑपरेशनला निघाले तर त्यांचा पहिला प्रश्न — डाक्टर बाई हाय का बाप्या? बाई आहे म्हटल्यावर हातावर दही ठेवलं.

२१ एप्रिल
पुढचा भाग विणून झाला. अंगाला लावून पाहिला — डावीकडे पिशवीसारखा लोंबतोय! टाके मोजताना मी मापाचं ब्लाउज समोर ठेवलं होतं. वर्षानुवर्षं शिंप्याकडे तेच जातं, हात आपोआप त्याच्याकडेच गेला. मूर्ख बाई! आपलं माप बदललंय, एवढंसुद्धा ध्यानात येऊ नये?

आता रडू येईल म्हणून थांबले. नाही आलं. मग सगळं उसवलं आणि स्वयंपाकाला लागले.

२२ एप्रिल
पुन्हा पहिल्यापासून.

२ मे
झाला. डावी बाजू सपाट, उजवी सैल. अंगावर आहे की नाही कळू नये इतका हलका. घालून ओसरीत तूर निवडत बसले, वर ओढणी घेतली नाही. ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. नीट बघितलं, अगदी डावीकडेसुद्धा. मग म्हणाले, बरं झालं, वारं लागंल. मला बरं वाटलं का? वाटलं असावं.

५ मे
सासूबाई म्हणतात, मलाबी एक कर! मी चाटच पडले. मग त्यांच्याच सुरात विचारलं, ही बंडी तुम्हाला कशापायी? हसल्या नाहीत. मापाचं ब्लाउज द्या म्हटलं तर तेही देईनात. "अंगावरनंच घे," म्हणाल्या. "हे लोक शेतात गेल्यावर. दार लावून."

पंचवीस वर्षांत या बाईनं मला आपली पाठसुद्धा दाखवली नाही. म्हातारपणी उकाडा सोसत नसेल.

६ मे
दार लावलं. टेप हातात घेतली तोवर त्यांनी स्वतःच पदर खाली टाकला, माझी बोटं धरली आणि उजव्या काखेखाली दाबली. सुपारीएवढी गाठ. कडक.

"दिवाळीपासून हाय," म्हणाल्या. "तुझं आदी निभू दे म्हणलं."

मला रडू फुटलं, मोठ्यानं. त्याच माझे डोळे पुसत होत्या.

उद्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी नगरला.