आईने कधी नाही म्हटलं नाही

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण जिवंतपणी तू मला रागवायला सापडलीस कधी? तू शाळेत असायचीस, आणि घरी असलीस तरी शाळेतच असायचीस.

शुक्रवारी आमच्याकडे शिक्षक दिन झाला. कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, हे तुला ठाऊक आहे. फिजिक्सच्या बाई उन्हाळ्यात निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा अजून रिकामी आहे, हे ठाऊक नसणार. नववीच्या मुलींना त्या तासाला हॉलमध्ये बसवतात आणि टीव्हीवर प्रेरणादायी चित्रपट लावतात. गुरू, शिष्य, जिद्द, शिक्षणाची ताकद, सगळं दाखवतात; फक्त शिक्षण तेवढं द्यायचं राहतं. शिक्षक दिनाला त्यातलाच एक सगळ्या शाळेला दाखवला. डोंगरातली शाळा, एकच मास्तर. गणित तोच शिकवतो, गाणं तोच शिकवतो, पोरांना खांद्यावर घेऊन नदीही तोच ओलांडतो. शाळेचं छप्पर गळतं, ते कुणी दुरुस्त करत नाही. मास्तर फळ्यावर छत्री धरतो आणि आपण रडायचं. शेवटी एक मुलगा मोठा साहेब होऊन गाडीतून येतो आणि मास्तरांच्या पाया पडतो. छप्पर तेव्हाही गळतच असतं, पण त्या साहेबाचंही लक्ष तिकडे जात नाही.

दिवे लागले तेव्हा आमच्या हेडमिस्ट्रेस डोळे पुसत माइकपाशी आल्या. म्हणाल्या, "टीचर चाहे तो क्या नहीं कर सकता!" आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, सगळ्या शाळेसमोर, "दीदी, सोमवार से नाइन्थ का फिजिक्स भी आप ही देख लीजिए न." टाळ्या झाल्या. नववीच्या मुली तर उभ्या राहून वाजवत होत्या. मी दहावीनंतर त्या विषयाचं पुस्तक उघडलेलं नाही; मला तो येतो का, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटली नाही. छत्री माझ्या हातात देऊन झाली होती.

आणि मला तू दिसलीस. डमडमच्या क्वार्टरमधलं ते अरुंद स्वयंपाकघर. पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उभं केलेलं आहे, तू पोळ्या लाटतेस आणि उद्याचा धडा वाचतेस. तुझा विषय भूगोल. हिंदीच्या बाई बाळंतपणाला गेल्या, हिंदी तुझ्याकडे आलं. गणिताचे सर सोडून गेले, गणित आलं. मग शिवण आलं, मग लायब्ररीची किल्ली आली. बाबा बँकेतून दमून आलेले, दारात उभे राहून म्हणतात, "अगं, एकदा तरी नाही म्हणून बघ." तू मान वर न करता म्हणतेस, "मग त्या मुलींचं काय व्हायचं?" तव्यावरची पोळी करपते. ती करपलेली पोळी तू स्वतःच्या पानात घेतेस, आणि आम्ही ते गोड मानून घेतो. रविवारी टीव्हीवर असलाच एखादा मास्तरांचा चित्रपट लागला की तू पदर डोळ्यांना लावून बसायचीस. मला तेव्हा वाटायचं, माझी आई किती हळवी आहे. आता वाटतं, तुला कुणीतरी बनवत होतं आणि तू त्याला आदर्श म्हणत होतीस.

दहावीला माझं गणित अडलं होतं. वही घेऊन मी तुझ्यापाशी आले, तू शाळेतल्या मुलींचे पेपर तपासत होतीस. म्हणालीस, "तुला आई आहे. त्यांना कोण आहे?" मी वही मिटली. मला आई होती, हे खरंच होतं. गणितात जेमतेम सुटले आणि आर्ट्सला गेले. पुढे मलाही शाळेत नोकरी लागली तेव्हा तू ज्येष्ठमध आणि खडीसाखरेची डबी दिलीस. "घसा सांभाळ, बाकी सगळं जमतं," म्हणालीस. घसा सांभाळला गं. बाकी सगळं जमत नाही.

तुझी शोकसभा आठवते मला. तुझे हेडमास्तर बोलायला उभे राहिले. "उन्होंने कभी किसी काम को ना नहीं कहा," ते म्हणाले आणि सभेने माना डोलावल्या. छातीत दुखत असताना तू पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होतीस, हेही त्यांनी कौतुकानेच सांगितलं. आणि मग तुझ्या जागी त्यांनी तीन शिक्षक नेमले. तीन! म्हणजे माणसं मिळत होती. तू होतीस, म्हणून कुणी शोधली नव्हती.

म्हणून शुक्रवारी मी उभी राहिले. म्हटलं, "नहीं मैडम. मुझे फिजिक्स नहीं आती. इन लड़कियों को फिजिक्स की टीचर चाहिए." टाळ्या थांबल्या. हेडमिस्ट्रेस माइक हाताने झाकून म्हणाल्या, "दीदी, बच्चों के सामने?" मी म्हटलं, "हाँ, उन्हीं के सामने." आणि मी खाली बसले नाही. मी हे तास घेतले तर ती जागा कधीच भरली जाणार नाही, हे तुझ्याइतकं कुणी मला शिकवलेलं नाही.

मला वाटलं होतं, जिंकले. आज सोमवार. पाचव्या तासाला हॉलवरून जात होते. मुली टीव्हीसमोर बसल्या होत्या. दाराशी बसलेल्या मुलीचा बाप गोदीत आहे. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे, हे तिने मला निबंधात लिहून दिलेलं आहे. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "मिस, पिक्चर वाले सर होते तो पढ़ा देते." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच पुढे माझ्या वर्गावर निघून गेले. शिक्षक कधी मिळेल, वर्षाअखेरीपर्यंत तरी मिळेल का, मला ठाऊक नाही. माझं चुकलेलं नाही, हे मी तुला आत्ताही ठासून सांगते. पण आई, नाही म्हणायला मी माझी मी शिकले. ते म्हटल्यावर त्या मुलींच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे कुणाला विचारू? तू एकदा जरी नाही म्हणाली असतीस, तर निदान तुला विचारता आलं असतं. उद्या पहिल्या तासाला त्याच वर्गावर माझं इंग्रजी आहे, आणि मला आजच रजा टाकावीशी वाटते आहे.