ही, अर्धा थेंब

३ मार्च, सोमवार

...तर मी खिडकीशी केस सोडून बसले होते. दूध तापवून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, ह्यांच्या सदऱ्याचं बटण लावायचं तेवढं राहिलं होतं. रंगाऱ्यांनी न्हाणीघर अडवलेलं, त्यामुळे आठ दिवस केसांना पाणी नाही. हे मागून आले आणि माझ्या डोक्याला नाक लावून उभे राहिले. किती वेळ! मी म्हटलं, "दूध करपलंय का?" म्हणाले, "गप्प. हलू नकोस." मग खिशातून बसचं तिकीट काढून त्यावर काहीतरी खरडलं.

मी म्हटलं, "उद्या रंगारी जाणार. धुते एकदाचे."

"उद्या नको. अजून एक दिवस राहू दे."

पाणी तापवायचा आळस, दुसरं काय!

किती वर्षांपूर्वीची गोष्ट. आज आठवली, कारण आज ह्यांच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं. हे गेल्यावर आठ महिन्यांनी. दार उघडलं आणि एवढे वास एकदम अंगावर आले, की मी दोन पावलं मागे सरले. सगळे वास होते. ह्यांचा नव्हता. हे स्वतः कधी अत्तर लावत नसत. शिंप्याचा सदरा नेहमी उसवलेला, तसं.

कुलूप काढायचं कारण म्हणजे भाऊजी. काल सकाळी आले ते दुपारी उठले. (धाकटे दीर, बसले की बसले.) म्हणाले, "वहिनी, खोली आपली दोघांची. साबणवाला खोकी ठेवायला मागतोय. तुम्ही त्या बाटल्यांचं काय लोणचं घालणार?"

मी म्हटलं, "अत्तरं करणार."

इतके हसले की ठसका लागला. मीच पाणी दिलं.

शेवटी ठरलं ते असं. अत्तरांतला ह्यांचा अकरा नंबर मी करून दाखवायचा. पोस्टातल्या बाईंनी तो ओळखला, तर खोली माझी. नाहीतर एकतीस तारखेला साबणवाल्याची. पोस्टातल्या बाई वीस वर्षं अकरा नंबरशिवाय दुसरं काही लावत नाहीत. ह्यांनी केलेली शेवटची बाटली त्यांनी थेंबाथेंबाने पुरवली, तीही संपली.

मी हो म्हटलं. आणि मग रात्रभर स्वतःला विचारत राहिले — का?

४ मार्च, मंगळवार

बाटल्यांवर लेबलं आहेत. आई. मामा. आत्या. मावशी. धाकटा.

सगळं सासर एका कपाटात!

साबणवाल्याने एकदा ह्यांची अत्तरांची वही चोरून चाळली होती. त्यानंतर ह्यांनी सगळ्या जिनसांना नातेवाइकांची नावं दिली, हे मला ठाऊक होतं. कोण कोण आहे ते कधी विचारलं नाही. मी चहा घेऊन दारापर्यंत जायचे. आत नाही.

एक बाटली बिनलेबलाची, अगदी मागे. उघडली. शी! ओला कुत्रा! नक्कीच नासलंय. खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवून दिली, सावकाश टाकू.

७ मार्च, शुक्रवार

वाचनालयातून सुगंधी वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल म्हणाले, "गेल्या महिन्यात जहाजं, त्याआधी मधमाश्या. आता हे. परीक्षा कसली आहे?" म्हटलं, "आहे एक."

एकेक बाटली हुंगायची, पुस्तकात शोधायचं. हे इतके खवचट होते हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं!

मामा म्हणजे लिंबाच्या सालीचं तेल. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांना खूष करतो आणि चहा उकळेपर्यंत गायब. अगदी मामा!

आत्या म्हणजे लवंग. ती खोलीत आली हे पुढच्या गल्लीतसुद्धा कळतं.

मावशी म्हणजे जाई. दुरून गोड. फार जवळ गेलं की मागून काहीतरी कुजकट येतं. पुस्तकात लिहिलंय, खऱ्या जाईत तेवढा कुजकटपणा असतोच, तो काढला तर फूल खोटं वाटतं. मावशींना वाचून दाखवावंसं वाटलं.

आई म्हणजे चंदन. आवाज न करता येते, आणि बाकीचे उठून गेले तरी असते. इथे मला जरा थांबावं लागलं. सासूबाई तशाच होत्या.

धाकटा — पचौली. ओल्या मातीचा, बंद ट्रंकेचा वास. पुस्तक म्हणतं, "कपड्यावर एकदा बसला की दिवसचे दिवस उठत नाही."

एकटीच हसत सुटले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने.

८ मार्च, शनिवार

भाऊजी बघायला आले. म्हणाले, "ह्यातला सगळ्यात चांगला कुठला?" मी मुद्दाम धाकट्यात बुडवलेली कागदाची पट्टी पुढे केली.

"वा! हा कोण? भारदस्त आहे!"

"आहे खरा," मी म्हटलं. "सहजासहजी जात नाही."

मनगटावर घसघसून लावून घेतला. जाऊबाईंचा दुपारी निरोप — हे कुठे जाऊन आले म्हणून विचारतायत!

१० मार्च, सोमवार

वहीत अकरा नंबर सापडला. उतरवून ठेवते.

मामा ८. मावशी ५. आत्या १, जपून. धाकटा ३. आई १०. सगळ्यात शेवटी ही, अर्धा थेंब. जास्त झाली तर कोणाचं चालू देत नाही. पण हिच्याशिवाय कोणी टिकत नाही.

ही? कुठली ही?

व्याकरण लावून पाहिलं. स्त्रीलिंगी आहे. म्हणजे मामा आणि धाकटा बाद. उरल्या आत्या, मावशी, आई. त्यांतली कोणीतरी शेवटी पुन्हा अर्धा थेंब घालायची. आणि कोणाचं चालू देत नाही म्हटल्यावर विचारायलाच नको. आत्या!

अर्धा थेंब टाचणीच्या टोकावर घेतला. आता दोन-तीन दिवस मुरू द्यायचं.

१३ मार्च, गुरुवार

पोस्टातल्या बाईंनी पट्टी नाकाला लावली आणि दुसरा हात गालावर नेला.

"अहो, हा तर दातांचा दवाखाना!"

१८ मार्च, मंगळवार

मग ही म्हणजे आई. बाई म्हणाल्या, "छान आहे. पण कपाट आहे. आत माणूस नाही."

खिडकीखाली गल्लीतला कुत्रा रोज येऊन बसतो. वर कठड्यावरच्या त्या बाटलीकडे बघत असतो. घरचं कोणी समजत असावा.

२१ मार्च, शुक्रवार

मावशी! आज जमलंच म्हणायचं. बाईंनी मनगटावर लावलं आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "हेच. हेच ते!" मी भाऊजींना बोलावणं धाडणार, इतक्यात बाई पुन्हा हुंगू लागल्या. एकदा, दोनदा. तासाभरात मनगट कोरं. काही नाही. साधं मनगट.

मला वाटतं मी तेव्हा रडले असते, पण पोस्टातल्या बाईंचाच चेहरा इतका पडला की मला त्यांची समजूत घालावी लागली. घालता घालता म्हटलं, काही समजत नाही, सगळं वहीबरहुकूम घातलंय.

त्या म्हणाल्या, "सगळं? मग तुम्ही काय घालायचात? तुमचे मिस्टर दर वेळी सांगायचे, बाई, बाकीचं मी घालतो, पण टिकतं ते ही असते म्हणून. मला वाटायचं तुम्ही ढवळायला असता."

ही असते म्हणून.

मी ह्या वहीत पानापानावर "हे" लिहिते. हे म्हणजे कोण, ते कागदाला सांगावं लागत नाही. आणि ह्यांनी एकदा "ही" लिहिलं, तर मी व्याकरण लावत बसले! तीन नातेवाईक पालथे घातले! स्वतःचं नाव सुचलं नाही.

म्हणजे जास्त झाली तर कोणाचं चालू देत नाही ती...

बरं.

२२ मार्च, शनिवार

पहाटेच उठले. मी असेन तर कुठल्या बाटलीत? कपाटातल्या सगळ्यांना लेबलं आहेत. बिनलेबलाची एकच होती.

धावत कठड्याशी गेले. होती! खाली कुत्राही होता.

पुस्तकात शोधायला दुपार गेली. कोष्ठ नावाच्या झाडाचं मूळ. त्याचा वास — शब्दशः उतरवते — "ओल्या कुत्र्यासारखा, किंवा बरेच दिवस न धुतलेल्या केसांसारखा."

सव्वीस वर्षं संसार केला! आईला चंदन, मावशीला जाई, त्या आत्यालासुद्धा लवंग, आणि मी न धुतलेलं डोकं! हे समोर असते तर चांगली ऐकवली असती. पाणी प्यायले. दारापर्यंत गेले. परत आले.

मग बूच काढून पुन्हा हुंगलं. ह्या वेळी घाई केली नाही. आधी कुत्रा आला. मग कुत्रा गेला. मग एक खिडकी, ऊन, तापलेलं दूध, रंगाचा वास.

टाचणीने अर्धा थेंब घातला.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी नऊला बाईंच्या मनगटावर लावलं. भाऊजी साक्षीला होते, तेही लवकर. बाई हुंगून तशाच पोस्टात निघून गेल्या. भाऊजी म्हणाले, "नाही जमलं म्हणायचं, वहिनी." आणि बसले.

पाच वाजता बाई परत आल्या. भाऊजी अजून बसलेलेच होते. बाईंनी मनगट त्यांच्या नाकाशी धरलं.

"आहे ना?"

भाऊजींनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मान खाली घातली. म्हणाले, "दादा काम संपवून माझ्याकडे यायचा, तेव्हा सदऱ्याला हाच वास असायचा." मग म्हणाले, "साबणवाल्याला मी सांगतो." आणि स्वतःहून उठले!

जाताना विचारलं, "ह्यात त्या भारदस्तवाल्याचे किती थेंब आहेत?"

"तीन."

"वाढवा की!"

३० मार्च, रविवार

आज खोली झाडली. ह्यांच्या वहीच्या पुठ्ठ्यात बसचं तिकीट होतं. मागे ह्यांच्या अक्षरात: "हिचे केस, आठवा दिवस. हाच. उद्या पुन्हा पाहायचा, मग मूळ शोधायचं."

दुसऱ्या दिवशी रंगारी गेले. मी पाणी तापवलं आणि केस धुतले. दोनदा.