झहूरभाईच्या ट्रंकेतला फोटो

खैतान, कुवेत
१४ नोव्हेंबर १९६३

जनाब झहूरभाई यांना उस्मानचा अदबीने सलाम.

मी इथे खैरियतीने आहे आणि घरची सगळी मंडळीही तशीच असावी, हीच दुआ. मामूंचा गुडघा कसा आहे? मुमानींचा खोकला गेला का? तुम्ही बोटीवरून सुट्टीला घरी पोचलात, मुमानींच्या हातचे घावन खाऊन तब्येत सुधारली असेलच. नसेल तर आधी सुधारून घ्या, मग पुढचं वाचा. (तुम्ही वयाने मोठे, माझ्या सख्ख्या मामूंचे चिरंजीव आणि जमिलाशी माझा निकाह झाला तर माझे मेहुणे, म्हणून इथपर्यंत ‘तुम्ही’ लिहिलं. यापुढे माझ्याच्याने होणार नाही.)

अरे नालायका, तुला काही लाज? अम्मीचं पत्र आलं. तुझ्या ट्रंकेत सिंगापूरच्या नाचघरातला फोटो सापडला, मामूंनी तो तुझ्या नाकासमोर धरला आणि तू, बोटीवरच्या साऱ्या खलाशांना रांधून घालणारा एवढा मोठा भंडारी, सरळ म्हणालास की ही भानगड उस्मानची आहे, मी फक्त त्याला शोधायला आत गेलो होतो! आता मामू म्हणतात की ईदनंतरचा निकाह रद्द, असल्या रंगेल माणसाला मुलगी देण्यापेक्षा खेडच्या लाकूडवाल्याच्या मुलाला देईन. रंगेल! मी! या खोलीत आम्ही आठ जण राहतो, कामावरून आल्यावर डोक्यातली वाळू झटकतो, डाळ शिजवतो आणि झोपतो. इथे रंगेल व्हायचं म्हटलं तरी जागा कुठे आहे?

सगळं कसं घडलं ते तुला ठाऊक आहे, पण तुझी आठवण फार सोयीची आहे, म्हणून लिहितो. आमचा अरबी मालक सागवान पाहायला सिंगापूरला गेला आणि तिथले लाकूडवाले हिंदुस्तानी म्हणून बोलणी करायला मला घेऊन गेला. भला माणूस. रात्रीची इशाची नमाज झाली की हॉटेलात घोरायला लागायचा. मीही झोपलो असतो. पण तुझी बोट नेमकी त्याच वेळी बंदरात लागायची होती! तू आलास आणि म्हणालास, चल, शहर पाहू. मला वाटलं मशीद दाखवशील, बाजार दाखवशील. तू मला अशा ठिकाणी नेलंस जिथे दारावरच्या शिखाने टाय नाही म्हणून अडवलं आणि स्वतःच्या खिशातला एक टाय मला भाड्याने दिला. (त्याला लसणाचा वास होता. तो वास माझ्या सदऱ्याला अजून येतो.) दुसऱ्या ठिकाणी इतका काळोख होता की मी खुर्ची समजून एका गोऱ्या साहेबाच्या मांडीवर बसलो. साहेब नुसता हसला, पण त्याची मडम बोलली आणि आपल्याला बाहेर पडावं लागलं. तेव्हाच मी म्हटलं होतं, झहूरभाई, परत जाऊ. तू म्हणालास, आता खरं पाहायचं ते राहिलंय.

ते तिसरं ठिकाण! बँड ढणढण वाजतोय, छताला कागदी कंदील, आणि तू माझ्या हातात तिकिटांची पट्टी कोंबून, कोणासाठी कसली ते न सांगता, नाचायला पळालास. मला काय कळणार? आपल्याकडे दावतीला जेवणाची चिठ्ठी देतात तसंच असेल असं मी समजलो आणि वेटरला तिकिटं दाखवून मासा मागवला. मासा आला. आपल्या तांबोशीएवढा, लालबुंद, डोक्यासकट! एवढ्यात हिरव्या झग्यातली एक चिनी पोरगी आली आणि एक तिकीट उचलून माझ्यासमोर उभी राहिली. एक तिकीट म्हणजे एक नाच, हे मला कोणी सांगितलं होतं? आपल्याकडे भरल्या थाळ्यापाशी माणूस येऊन उभा राहिला तर त्याला बस म्हणतात. मी म्हटलं बस. ती बसली. बिचारी भुकेली होती, भराभर खायला लागली. इथपर्यंत माझं काय चुकलं ते मामूंनी सांगावं.

मग तिने डोक्याला हात घातला. माशाच्या! झहूरभाई, तुला माहीत आहे, इथे खोलीत हमूर मासा शिजला की डोकं अहमदचाचांच्या ताटात जातं, कारण ते वयाने मोठे. कुवेतला आल्यापासून मी शेपटी आणि मधले तुकडे खातोय. गावी असतो तर अम्मीने डोकं माझ्यासाठी झाकून ठेवलं असतं. आणि इथे मी मागवलेला मासा, माझा थाळा, आणि डोकं ही घेणार? मीही धरलं. ती सोडेना. मी खुणेने सांगितलं की मी दूरच्या मुलखातला पाहुणा आहे, डोकं पाहुण्याचं. तिने खुणेने सांगितलं की तू बोलावलंस, तर पाहुणी मी आहे. (खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं, पण तेव्हा मला राग आला होता.) ओढाताण चालू असतानाच तो फोटोवाला आला आणि त्याने दिवा चमकवला. फोटोत मी तिचा हात धरल्यासारखा दिसतो तो असा! हात कोणी धरला होता, डोंबल? आणि कडेला जो कोपर दिसतो तो कोणाचा आहे रे? तो तुझा आहे, दोन-दोन पोरींबरोबर एकदम नाचणाऱ्याचा! वर तो फोटो आठवण म्हणून विकत घेतलास तूच, ट्रंकेत ठेवलास तूच, आणि नाव माझं!

जमिलाला मी लहानपणापासून ओळखतो. तिच्याशिवाय मला दुसरी कोणी नको आहे, हे मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलं नाही, तुलाच सांगतोय, आणि तेही चिडून सांगतोय. ती खेडला गेली तर तुझं तोंड मी जन्मात पाहणार नाही.

तुझा (अजून तरी) भाऊ,
उस्मान

ता. क. – हा कागद मिळाल्यावर पहिल्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजीनंतर, तो मामूंच्या ओटीवर चार माणसांसमोर मोठ्याने वाचायचा. कोपराचा भाग दोनदा वाचायचा.

ता. क. २ – लखोटा बंद करणार तेवढ्यात गावचा अशरफ बोटीतून उतरून थेट खोलीवर आला. निघताना त्याला जमिला विहिरीवर भेटली होती. तिने तोंडी निरोप दिलाय: “अब्बांना फोटोत बाई दिसली. मी नीट पाहिलं तर दोघांच्या बोटांमधून माशाचा कल्ला दिसला. अब्बांनाही दाखवला. ते हसायला लागले आणि निकाह ठरल्या दिवशीच आहे. पण त्याला सांग, आमच्या घरात माशाचं डोकं पहिल्यापासून मी खाते. कबूल असेल तर ये.”

ता. क. ३ – झहूरभाई, हा कागद कोणालाही वाचून दाखवू नका, चुलीत घाला. तुम्ही माझे मोठे भाऊ आहात, रागाच्या भरात काही लिहून गेलो असेन तर माफ करा. जमिलाला सांगा, कबूल आहे. फक्त तुमच्या शब्दाला ती मान देते, तेव्हा एवढं तिच्याकडून मिळवाच: जुम्याच्या दिवसाचं डोकं माझं.