दोरायाकीची पहिली जोडी

त्सुवानो,
३ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. फुसाए हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तेत्सुरो हिरोशिमाहून आला आणि नेमकी जळकी किटली त्याच्या नजरेस पडली. म्हणाला, बाबा, आता पुरे. नवं वर्ष लागायच्या आत घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे चला, तुम्हाला साधं पाणी तापवता येत नाही. किटली जळत होती तेव्हा मी कालव्यातल्या माशांच्या पाठीवरून सरकणारी पिवळी पानं पाहत होतो, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी तोऱ्यात बोलून गेलो की सत्तावीस तारखेला तुझ्या आईच्या श्राद्धाला तिच्यासारखी दोरायाकी मीच करीन. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, दाणे निवडण्यापासून सगळं तुमच्या हातचं झालं तर वर्षभर हा विषय काढणार नाही. नाही झालं तर कुरकुर न करता सामान बांधायचं. मी कबूल झालो.

झालो खरा, पण संसाराच्या बेचाळीस वर्षांत मी त्या चुलीपाशी गेलो नाही. मला आठवते ती थेट ताटली. वरखाली दोन गोल धिरडी, मध्ये लाल पुरण, आणि धिरड्यांवर एक डाग नाही. चौथीच्या कवितेच्या पुस्तकात शरदाचा चंद्र रंगवला होता ना, तसा सगळीकडून सारखा तांबूस. मिसाओने तुला, आपल्या बहिणीला, काही सांगितलं असेलच. तेवढं कळव. हे घर सोडून मला कुठे जायचं नाही.

तुझा,
इसाओ


मासुदा,
७ नोव्हेंबर

ति. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, दाजींना सामान बांधायला दोरी पाठव. मी कृती पाठवते आहे.

पुरणाला आझुकीचे लाल, चवळीएवढे दाणे निवडा, धुवा, उकळा आणि पहिलं पाणी फेकून द्या, त्यात तुरटपणा असतो. मग नव्या पाण्यात मंद आचेवर ठेवा. तिथून हलायचं नाही, मासे बघायला तर मुळीच नाही. धिरड्यांना अंडी, साखर, मध, मैदा, चिमूटभर सोडा. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. अक्काचा लोखंडी तवा खालच्या फळीवर असेल. त्याला तेल लावून पुसून टाकायचं, दिसेल इतकंही ठेवायचं नाही. दर धिरड्याआधी तवा ओल्या फडक्यावर टेकवायचा. वर बुडबुडे आले की उलटायचं.

चंद्र, पुस्तक वगैरे तवा खाली उतरवल्यावर.

आपली,
फुसाए


त्सुवानो,
१३ नोव्हेंबर

चि. सौ. फुसाए हिस,
अनेक आशीर्वाद.

दाणे शिजताना भांड्यातून कुजबूज येत होती. आमचा वर्ग गुरुजी यायच्या आधी कविता घोकायचा, अगदी तशी. ऐकत बसलो, हललो नाही. पण चार तास झाले तरी दाणे खड्यांसारखेच. शेजारच्या हानाओका बाई डोकावल्या, एक दाणा चावून बघितला आणि आपला दात शाबूत आहे का ते आधी तपासलं. त्यांच्या मते मी दुकानातून जुने दाणे आणले. दुकानदार म्हणतो, दाणे या हंगामातलेच आहेत. साखर मी दाण्यांबरोबरच घातली होती, गोडी आतपर्यंत मुरावी म्हणून. बाकी सगळं तू लिहिलंस तसंच केलं.

आता चौदा दिवस उरले. तेत्सुरोने फोन करून विचारलं, खोकी किती पाठवू.

इसाओ


मासुदा,
१६ नोव्हेंबर

ति. दाजी यांस,
सा. न. वि. वि.

दुकानदाराची माफी मागा. साखर आधी पडली की दाणा आखडतो, मग दिवसभर उकळा, तो मऊ होत नाही. ही गोष्ट लिहायची असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्याकडे ती सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असते. अंगठा आणि करंगळी यांच्यात दाणा सहज चिरडला, की मगच साखर, तीही तीन वेळा थोडी थोडी. करंगळीच, बाकीच्या बोटांत जोर फार.

श्राद्धाला येता येणार नाही, यांचा गुडघा सुजला आहे. काय झालं ते मात्र लगेच कळवा. खोक्यांचं एवढ्यात काही बोलू नका.

फुसाए


त्सुवानो,
२८ नोव्हेंबर

चि. सौ. फुसाए हिस,
अनेक आशीर्वाद.

पुरण साधलं. करंगळीने पास केलं.

काल पहाटे पीठ भिजवलं, तवा पुसला. पहिली दोन धिरडी उलटली आणि माझा धीरच सुटला. बिबट्याच्या कातड्यासारखे डाग! मिसाओच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्यापासून मात्र रंग सारखा येत गेला, सगळी मिळून दहा जोड्या झाल्या. भाताची पहिली वाटी देवघरात जाते, त्याच रीतीने ती पहिली जोडी तिच्या तसबिरीपुढे ठेवली.

भटजी मंत्र आटोपून दोन खाऊन गेले. तेत्सुरो हात जोडून उठला, तेवढ्यात त्याचं लक्ष त्या ताटलीकडे गेलं. मिसाओ गेल्यापासून दोन वर्षांत तो या घरात असा मायेने हसला नव्हता. म्हणाला, आईने आपली ताटली बरोबर ओळखली असेल. मी अर्थ विचारला तर म्हणाला, मावशीला विचारा. मग त्याने तीन खाल्ल्या, दोन बायकोसाठी बांधून घेतल्या. स्टेशनावर गाडी हलताना खिडकीतून ओरडला की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत विषय बंद, पण शिट्टी वाजणारी किटली आणा.

तर घर राहिलं. आता सांग, ताटली ओळखली म्हणजे काय?

इसाओ


मासुदा,
१ डिसेंबर

ति. दाजी यांस,
सा. न. वि. वि.

आधी अभिनंदन. यांनी दोरी परत माळ्यावर टाकली.

दाजी, पहिलं धिरडं डागाळतंच. तवा नीट तापलेला नसतो, तेल कुठेतरी राहिलेलं असतं. माझंही डागाळतं, आमच्या आईचंही डागाळायचं. अक्का ती पहिली जोडी चुलीपाशी उभ्या उभ्याच खाऊन टाकायची. तेत्सुरो लहानपणी तिच्या पायात घुटमळायचा, त्याने पाहिलं आहे. मी एकदा तिला म्हटलं, तूही एखादी चांगली घे की. ती म्हणाली, चांगल्या बाहेर सगळ्यांच्या ताटल्यांत मोजून गेल्या. बेचाळीस वर्षं तिने डागांचीच खाल्ली, आणि आता श्राद्धालाही तुम्ही तिला तीच वाढलीत.

मी रागावले नाही. खूप हसले, मग जरा वेळ भांडी घासत राहिले.

फुसाए


त्सुवानो,
५ डिसेंबर

चि. सौ. फुसाए हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं त्याच दिवशी पुन्हा दाणे शिजत ठेवले. आज सकाळी दोरायाकी केल्या. या खेपेला पाचवी जोडी तसबिरीपुढे ठेवली. तिचा रंग अगदी त्या पुस्तकातल्या चंद्रासारखा आला होता.

पहिली जोडी मी तव्याशेजारी उभं राहून खाल्ली. गरम होती, कडेला थोडी करपलेली. चव मात्र, फुसाए, बाकीच्यांहून काही वेगळी नाही.

किटलीची शिट्टी वाजते आहे, उठतो. गुडघा बरा झाला की दोघं या. तुमच्यासाठी चांगल्या मोजून ठेवीन. माया अशीच मंद आचेवर राहू दे.

तुझा,
इसाओ