चंचीतल्या गोळ्या

दिवेआगर, ता. १२ मार्च १९६३

चिरंजीव लिहावं तर तू माझ्याहून चारच महिन्यांनी लहान, आणि तीर्थरूप लिहावं असं तुझं वागणं नाही. तेव्हा नुसताच नुरुद्दीन यास अंबाजीचा रामराम. फरिदावहिनींची कंबर कशी आहे? आमच्याकडे माझ्याशिवाय सगळं ठीक.

जानेवारीत मुंबईत तुझ्याकडे पंधरा दिवस राहिलो, तू मला मोठ्या डॉक्टरकडे नेलंस आणि त्यांनी उदासपणावर गोळ्या दिल्या, हे तुला सांगायला नको (पण आमची ही, सोनूबाई, म्हणते पत्रात सगळं नीट लिहावं). तीन तऱ्हेच्या होत्या: एक मनाची, एक रक्ताची, एक पोटाची. कागदी पुड्या दमट हवेत ओल्या होतात म्हणून मी तिन्ही पानसुपारीच्या चंचीच्या कप्प्यांत भरल्या, लवंगेच्या शेजारी. चाळीस वर्षं हातानं सुपारी निवडतो आहे, तीन गोळ्या ओळखणार नाही होय?

पण चंची म्हटली की ती आल्यागेल्यापुढे करायची. शुक्रवारी शेजारचा दादू बांधाचं भांडण घेऊन आला आणि सवयीनं मी चंची पुढे केली. बोलण्याच्या भरात त्यानं एक उचलून चावली, तोंड वाकडं करून अंगणात थुंकला आणि म्हणाला, "ही लवंग न्हाय, कडू जहर हाय!" (अंबाजी विष घालतो, असं तो आता गावभर सांगतो आहे.) सोनूबाईनं लगेच चंची सुपात उलटी केली आणि धुऊन वाळत घातली. गोळ्या, लवंगा, कात सगळं एक झालं. नावं लिहिलेले पुड्यांचे कागद तिनं आधीच चुलीत घातले होते.

आता सुपात एक पांढरी आहे, मधे रेघ असलेली; एक पिवळी, चपटी; आणि एक विटकरी, गोल, वरून चकचकीत. सोनूबाई म्हणते, लाल दिसते ती रक्ताची. तुळशी (धाकटी सून) म्हणते, मनाची पांढरीच असणार. मी वास घेतला, नखानं टोकरून पाहिल्या, काही कळेना. चार दिवस एकही घेतली नाही आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. जेवणाचं पान वाढलं तरी हात पुढे जात नाही, वाडीच्या कामात लक्ष लागत नाही. भीती वाटते रे. तुझ्याकडे होतो तेव्हा तूच गोळी हातावर ठेवायचास, मी बघायचोसुद्धा नाही. तिन्ही तऱ्हेची एकेक गोळी भाताच्या शितांनी खाली चिकटवली आहे. मनाची कोणती तिच्यावर खूण करून लवकर कळव.

लहानांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
अंबाजी

ता. क. हे पत्र टपालात टाकायचं राहिलं, तेवढ्यात तुळशीनं मला एस.टी.त घालून म्हसळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी विटकरी गोळी उचलली आणि पुस्तक उघडून खात्रीही केली. कालपासून घेतो आहे. तेव्हा वर चिकटवलेल्या काढून घेतल्या. डागांकडे लक्ष देऊ नको.

आणखी एक ता. क. मग पत्र कशाला टाकतोस, असं तू विचारशील. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून, तर मी दिवाळीपासून म्हणालो. ते खोटं होतं. तू इथल्या घराला कुलूप लावून मुंबईला मुलाकडे गेलास, त्या दिवसापासून. तू शेजारी उभा होतास, सांगवेना. पुढच्या ईदला आठ दिवस तरी येऊन राहा. तुझं अंगण मी रोज झाडतो, सोनूबाईला माहीत नाही.