सावळाच्या मेंढ्याचं रक्त

११ जानेवारी १९६५, सोमवार

बाटली गढूळ झाली!

काल तांबूस पण आरपार दिसणारा, जंतू वाढवायचा मांसरस आज ढवळलेल्या ओढ्यासारखा. परवा त्यात तुकाबाईच्या दंडातलं रक्त घातलं होतं. म्हणजे जंतू तिच्या नुसत्या अंगात नाहीत, रक्तातच आहेत. काचेवर थेंब पसरून रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली लालसर काड्याच काड्या! कुणी मूठभर भात सांडावा तशा. एका थेंबात इतक्या, तर बाटलीत किती? कोट्यवधी. अब्जावधीही असतील.

तुकाबाई सावळा धनगराची सून. वीस-एकवीस वर्षांची असेल, माझ्याहून लहान. आमच्या माले गावच्या शिवारात मेंढरं बसवली होती, तिथेच पालात बाळंत झाली. मुलगी. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. सावळाने तिला बैलगाडीत घालून पौडला आमच्या दवाखान्यात आणलं. बाळ तिच्या सासूपाशी आहे, ठणठणीत. तुकाबाई मात्र डोळे उघडते आणि पुन्हा मिटते.

रक्त काढल्यावर लगेच डॉक्टरबाईंनी स्ट्रेप्टोमायसीन सुरू केलं. क्षयाच्या रोग्यांसाठी ते आमच्याकडे भरपूर असतं. पण त्याने हे जंतू मरतात की नाही, ते मी सांगायचं. म्हणजे बशीवर जंतू वाढवून. "तू सांगशील त्यावर माझं पुढचं औषध," असं बाई म्हणाल्या. मी! जिच्या घरात तिच्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नाही, ती!

बाटलीतला रस रक्ताच्या बशीवर (तिच्यात मेंढ्याचं रक्त घालून थिजवलेला थर असतो, जंतूंचं खाद्य) सारवून बशी उबपेटीत ठेवली.

१२ जानेवारी

बशी कोरी.

म्हणजे अगदीच कोरी नव्हे. पाच ठिपके आहेत. फक्त पाच! इतक्या काड्यांनी भरलेला रस ओतला तर बशीभर पांढरी साय धरायला हवी. मी काय चुकले? उबपेटीचा रॉकेलचा दिवा विझला नव्हता. (मुळशीच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागतात, आणि आम्ही दवाखान्यात वाती कापत बसतो!) रस सारवायची जाळून घेतलेली सुई जास्त तापलेली राहिली म्हणावं, तर दुसऱ्या बशीवरही तेच. तिथे तीन ठिपके.

बाईंना दाखवलं. "बशी बिघडली. पुन्हा कर. आणि रडू नकोस." मी रडत नव्हते. थोडीशी.

तुकाबाईचा ताप उतरून पुन्हा चढला.

१३ जानेवारी

उलगडा झाला, आणि तो असा होईल असं स्वप्नातही आलं नसतं!

बशीत घालायचं रक्त आम्ही सावळाच्या एका मेंढ्याचं काढतो. मानेच्या शिरेत सुई घालायची, रक्त मण्यांच्या बाटलीत घेऊन हलवत राहायचं, म्हणजे गोठत नाही. मी हे शिकले तेव्हा आई म्हणाली होती, "बी.एस्सी. हून पोरगी मेंढराचं रगत काडतीया! ह्यापरीस खाटकाकडंच दिली असती की!"

आज सावळा सुनेला बघायला आला, मेंढा बरोबर घेऊन. मी मेंढ्याच्या मागच्या पायाला पट्टी पाहिली.

"ह्याला काय झालं, सावळामामा?"

"तारंत पाय घावला व्हता. आता ब्येस हाय. नथूभाऊनं सुई दिली न्हवं."

नथू म्हणजे आमचा कंपाउंडर. तो दारातच उभा होता. एकदम आत वळला.

"कसली सुई? कधी?"

"शनवारी. तुमी रगत काडाया आलता ना, त्याच्या घटकाभर आदी. म्या म्हनलं, दवाखान्याचा मेंढा हाय, तर औशीद बी दवाखान्याचंच पायजे. माज्या रानातला पाला कशाला? दवाखान्याची अब्रू हाय!"

बाईंनी नथूला हाक मारली. तो म्हणाला, "स्ट्रेप्टोमायसीन दिलं बाई. दोन बाटल्या."

"दोन?"

"मेंढा चार पायांचा. मला वाटलं, माणसाच्या दुप्पट."

बाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. सावळाही हसला, का ते न कळता. मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

शनिवारी मी काढलेल्या त्या रक्तात औषध होतं. म्हणजे माझ्या बशीत औषध होतं. म्हणजे तुकाबाईचे सगळे जंतू त्या बशीत मेले. त्या पाचांखेरीज!

आणि बाटलीतलं रक्त आम्ही तिला पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी काढलेलं. त्या जंतूंनी औषध कधी पाहिलंच नव्हतं. तरी त्या कोट्यवधींत पाच होते जे त्याला पुरून उरले!

मी हे बाईंना सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "पाची ठिपके उचल," म्हणाल्या. "दुसऱ्या मेंढीच्या स्वच्छ रक्तावर वाढव. तिथून पुन्हा दुसऱ्या बशीवर. मग औषधाची चकती ठेवून बघ." म्हणजे तीन दिवस. तोवर काय? बाटलीतल्या मूळ रसावर चकती आधी लाव, असंही म्हणाल्या. लावली.

१४ जानेवारी, संक्रांत

मूळ रसाच्या बशीवर जंतूंचा दाट थर, आणि औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती मोठं मोकळं वर्तुळ. म्हणजे बहुतेक सगळे मरतात. पण वर्तुळाच्या ऐन मध्ये दोन ठिपके! रिकाम्या आकाशात चांदण्या असाव्यात तसे.

बाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. आजपासून तुकाबाईला दुसरं औषधही, क्लोरोमायसेटिन, दोन्ही एकदम. "ते ठिपके तिच्या अंगातही असणार," म्हणाल्या. "आपण बाकीचे मारतो, आणि रान त्यांना मोकळं करून देतो. म्हणून ताप पुन्हा चढतो."

मग त्यांनी मला गणित समजावलं. एका औषधाला पुरून उरणारा जंतू, समज कोटीत एक. दुसऱ्याला, कोटीत एक. दोन्ही गुण एकाच जंतूत आपोआप जमायचे तर कोटी गुणिले कोटीत एक! "एवढे जंतू तिच्या अंगात मावणार नाहीत, हौसा. म्हणून दोन औषधं."

किती सुंदर! एक बाई जगेल की मरेल, आणि त्याच्या मुळाशी एक गुणाकार!

घरून तीळगूळ आला. तुकाबाईच्या ओठाला एक दाणा लावला. तिने चाटला.

१५ जानेवारी

ताप तेवढाच.

१६ जानेवारी, शनिवार

पाच ठिपक्यांची लेकरं, नातवंडं, पतवंडं! औषधाचा वासही लागू न देता दोन बशा वाढवली. आज चकतीला खेटून उगवली आहेत. वर्तुळ नाहीच. म्हणजे हे कुणी त्यांना शिकवलेलं नाही. जन्मतःच, वंशातून आलेलं. कॉलेजात सर फळ्यावर आनुवंशिक धाग्याचा पीळ काढायचे, तेव्हा मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. तो पीळ ह्या एवढ्याशा काडीत आहे! त्यात कुठेतरी एक टाका चुकतो, कुणी न चुकवता, आणि तो जंतू जगतो. मी किती वेळ नुसती बघत राहिले.

देव आहे का, असं लोक विचारतात. मला आज विचारायचंही सुचलं नाही. हात जोडले.

आणि संध्याकाळी ताप उतरला! तुकाबाईने भाकर मागितली!

१८ जानेवारी

दोन दिवस झाले, ताप नाही. तुकाबाई उशीला टेकून बसते. काल बाळाला आणलं होतं. पान्हा आटलाय म्हणून ती रडली, तर शेजारच्या खाटेवरची भागूबाई ओरडली, "रडतीस कशाला गं? शेरडाचं दूध हाय की! माजी चार त्याच्यावरच वाढली. एक तर आता फौजदार हाय!"

"खरंच, मावशी?"

"न्हाई गं. पर हुईल."

तुकाबाई हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

भागूबाई जवळच्या कासार आंबोली गावची. रक्ताची हगवण लागून आली आहे, संक्रांतीपासून इथे. त्याआधी मुंबईला लेकाकडे होती, तिथे बऱ्याच सुया टोचून घेतल्या म्हणते. तुकाबाईवर तिचा जीव जडलाय. स्वतःच्या ताटातलं तिला भरवते, तिच्या वाटीतली पेज संपवते, तिचं तोंड आपल्या पदराने पुसते. मी एकदा रागावले. "लेकीचं उष्टं का बाटतंय व्हय?" म्हणाली.

भागूबाईच्या हगवणीचे जंतूही आज तपासले. ते अगदी वेगळे, तुकाबाईच्या जंतूंशी नातं नाही. पण त्यांना दोन्ही औषधं लागू पडत नाहीत. दोन्ही! एकाच जंतूत. बाईंच्या गणितात हे बसत नाही. मुंबईतल्या औषधांमुळे एकेक गुण वेगवेगळ्या वेळी आला असेल, असं बाई म्हणाल्या. पण म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

माझे अण्णा बाजाराला आले होते. उबपेटीत डोकावून म्हणाले, "ह्यात काय अंडी उबीवतीस?" मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "आन् ह्यांस्नी बी पोटपानी हाय म्हंतीस!"

२० जानेवारी

तुकाबाईला हुडहुडी. दोन घोंगड्या घातल्या तरी खाट हलत होती.

रक्त काढलं. ह्या वेळी बाईंनी हात धुतले ते किती वेळ धुतच राहिल्या.

२१ जानेवारी

बाटली गढूळ. काड्या पूर्वीच्याच. चकत्या लावल्या, दोन ओळखीच्या औषधांच्या आणि बाईंकडे नमुन्याला आलेल्या कानामायसीन ह्या नव्या औषधाची. सावळा व्हरांड्यात उकिडवा बसून आहे. "बाय, मेंढा आनू का रगताला? आता सुई न्हाई दिली," म्हणतो. मी त्याला पाणी दिलं.

२२ जानेवारी, शुक्रवार

दोन्ही ओळखीच्या औषधांच्या चकत्यांना खेटून थर. ठिपके नव्हेत, सगळेच्या सगळे जंतू.

बाई म्हणाल्या, जपानातल्या डॉक्टरांनी असं पाहिलंय: एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला हे गुण देऊन टाकतो, नुसता शेजारी आला की. बाईंनी ते वाचलं होतं, पण पटलं नव्हतं. शेजारणीने चुलीतला विस्तव मागून न्यावा, तसे! कोटीचा गुणाकार कशाला हवा त्यांना?

कानामायसीनभोवती वर्तुळ स्वच्छ आहे. बाई सकाळच्या गाडीने पुण्याला गेल्या ते आणायला. तुकाबाई हाक मारली तर डोळे उघडते.

भागूबाईचे जंतू उष्ट्यातून तुकाबाईच्या पोटात गेले असणार. भागूबाईची खाट मी नथूकडून दुसऱ्या खोलीत हलवली. तिची वाटी, पदर, सगळं वेगळं. खाट उचलताना तिने माझा हात धरला.

"पोरी, म्या तर तिला भरवलं गं. म्या काय केलं?"